गिळ

तिबिलिसीच्या संस्थेत मी ड्रायव्हर होतो, संशोधक नव्हे.
तरी सांगतो, मझेविनार बाईंनी तीस वर्षांत
सगळ्यांत जास्त उच्चारलेला शब्द होता : गिळ.
घराघरांत हा शब्द चिडून वाढतात,
ताटासारखा आदळतात.
बाई हळू म्हणायच्या,
माणसाच्या मागे उभं राहून, बोटं त्याच्या कंठावर,
आणि घोटाबरोबर वर सरकून खाली येणारं ते मऊ खोगीर
डोळे मिटून चाचपायच्या.
पुस्तकात फुलपाखरू लिहितात.
स्वानेतीत खोगीर म्हटलेलं लगेच कळतं.

एन्गुरीच्या काठाकाठाने जीप वर न्यायचो.
मागे काचेच्या कुप्या, मिठाची पोती,
शेजारी बाई, ज्यांना तिसऱ्या वळणापासून उलट्या.
वरच्या वस्त्यांत दर घराला एक बुरूज
आणि दर घरात रुमालाखाली झाकलेला एक गळा.
म्हाताऱ्या म्हणत, पाणीच असं आमचं.
बाई म्हणत, डोंगर धुतला गेलाय,
आयोडीन केव्हाच समुद्राला पोचलंय.
बेझान चौदाचा होता, उंचीने सहाचा.
मोजायला सांगितलं की पाचाशी थांबून हसायचा.
ते हसू कुठल्या रकान्यात भरावं, बाईंना कधी ठरवता आलं नाही.

खाली प्रयोगशाळेत बरण्यांमधून बेडूकमासे.
एका बरणीत संप्रेरकाचा थेंब : पाय फुटले,
शेपटी ज्याची त्याने जिरवून टाकली.
शेजारच्या बरणीत थेंब नाही :
ते नुसते वाढत, फुगत, बेडूकमासेच राहून म्हातारे होत.
"चार आयोडीनवाला रेणू आळशी," बाई सांगत, मी पाना शोधत असे,
"एक गळून पडलं की कामाला लागतो."
म्हटलं, आमच्या भावांचं तसंच,
चौथा रशियाला गेला आणि उरलेल्या तिघांनी छप्पर शाकारलं.
इतक्या हसल्या की चहा वहीवर सांडला.
ते एक नेमकं कोण काढून नेतं, यात अकरा वर्षं गेली.
बाराव्या वर्षी दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशात छापलं.
बाईंनी तो लेख दोनदा वाचला.
चांगलंय, म्हणाल्या,
आणि बरण्यांचं पाणी बदललं.

मग देश मोडला तो हिवाळा.
वीज नाही, पावाला रांग, रस्त्यावर बंदुका,
आणि शीतपेटीत अकराशे माणसांचं रक्त
विरघळायच्या बेतात.
आम्ही ते वर नेलं.
दोनदा अडवलं. एकाने झाकण उघडून विचारलं, दारू?
"तुझ्या आजीचा गळा आहे. झाक."
त्याने झाकलं.
बेझानच्या बुरुजामागे बर्फात पुरल्या कुप्या.
राखणीला बेझानच :
पाचापर्यंत मोजायचा, हसायचा, पुन्हा एकपासून.
एप्रिलमध्ये उकरल्या. चारशे बारा शाबूत.

तोवर आयोडीनचं मीठ यायचं बंद झालं होतं.
पोरांचे गळे परत भरू लागले.
चारशे बारा आकडे पिशवीत घालून
बाई मंत्रालयाचे जिने चढल्या, उतरल्या, चढल्या.
किती वेळा, ते मी जीपमध्ये बसून मोजलंय,
पण पाचाच्या पुढे मीही हसायचो.
मीठ आलं शेवटी.
माणसं मिठाला जागतात म्हणे.
या मिठाला वेगळी चवच नव्हती,
कोण कशाला जागणार?
पुढे वरच्या शाळेत एका सकाळी साठ माना तपासून
बाई जीपमध्ये येऊन बसल्या.
काय सापडलं? विचारलं.
"काही नाही," म्हणाल्या, आणि घाट संपेपर्यंत
ते काही नाही मांडीवर धरून बसल्या.

आता त्यांना माझं नाव आठवत नाही.
रविवारी जातो, खुर्ची ओढून पाठमोरा बसतो.
गार बोटं गळ्याभोवती येतात.
गिळ.
मी गिळतो.
परवा बोटं उजवीकडे थबकली, परत फिरली, पुन्हा थबकली.
"इथे काहीतरी आहे. दाखवून घे."
मग विचारलं, तुम्ही कोण?

मंगळवारी जाईन म्हणतो.